घराबाहेर राहिलेली आई

पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १९५९ साली लागलेला ‘सांगत्ये ऐका’ एकशे तीस आठवड्यांहून अधिक काळ तेथून हलला नाही. अनंत माने यांचे दिग्दर्शन, गदिमांची गीते, व्यंकटेश माडगूळकरांचे संवाद, वसंत पवारांचे संगीत आणि आशा भोसले यांच्या आवाजातली बुगडीची लावणी, एवढे सारे जुळून आल्यावर दुसरे काही घडणे शक्यही नव्हते. या यशाचा मोठा लाभ झाला तो तरुण जयश्री गडकर यांना. समूहनृत्यातून पुढे आलेली ही अभिनेत्री या एका चित्रपटाने नायिका म्हणून प्रस्थापित झाली. पण कथेचा कणा होती ती चिमा नावाची तमासगिरीण. राजुरीच्या पाटलाने ज्या स्त्रीवर अत्याचार केला, ती बाळंतपणात मरण पावते. तिची पोरकी मुलगी ही चिमा पोटच्या पोरीसारखी वाढवते, तिला नाचायला शिकवते आणि अखेर भरल्या फडात उभी राहून साऱ्या गावाला त्या पापाचा पाढा वाचून दाखवते. दुसऱ्याचे मूल छातीशी धरणारी ही चिमा हंसा वाडकर यांनी उभी केली. त्यांची ही अखेरची गाजलेली भूमिका.

त्या वेळी त्यांचे वय छत्तीस वर्षांचे होते. मराठी पडद्यावर त्यांनी तोवर संत स्त्रिया साकारल्या होत्या, लावणी सम्राज्ञी साकारल्या होत्या. घरात बसून मुलांना वाढवणारी गृहिणी मात्र त्यांना प्रत्यक्षात व्हायचे होते आणि ते साधले नव्हते.

हंसाबाईंचे मूळ नाव रतन भालचंद्र साळगावकर. जन्म १९२३ सालचा, मुंबईतला. घराण्याची मुळे सावंतवाडीकडची आणि परंपरा कलावंतिणींची. गाणे-बजावणे या घरात पिढीजात होते. लग्नसंस्थेने मात्र तेथे उशिरा प्रवेश केलेला आणि म्हणूनच तिचे अप्रूप मोठे. मुलीने चारचौघींसारखा संसार करावा ही आस एकीकडे आणि मुलीच्या कमाईवाचून चूल पेटत नाही ही अडचण दुसरीकडे, अशा ओढाताणीत रतनचे बालपण गेले. वडिलांना दारूचे व्यसन होते. शाळा चार बुके शिकून सुटली. घरात पैसा आणू शकेल असे एकच माणूस दिसत होते आणि ते अवघे तेरा वर्षांचे होते.

१९३६ साली ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटातून ही मुलगी पडद्यावर आली. सिनेमात काम करणे त्या काळी प्रतिष्ठेचे मानले जात नसे. दुर्गा खोटे यांच्यासारख्या सुशिक्षित घरातल्या स्त्रियांनी वाट मोकळी केली होती हे खरे, तथापि ज्या घराला आपली जुनी ओळख पुसायची होती त्या घराला साळगावकर हे आडनाव फलकावर नको होते. म्हणून रतनची हंसा झाली आणि साळगावकरची वाडकर. पुढे लोकांनी ज्या नावावर प्रेम केले ते नावच मुळी लपण्यासाठी घेतलेले होते.

लवकरच लग्न झाले. जगन्नाथ बंदरकर हे घरोब्यातले गृहस्थ, वयाने सुमारे दहा वर्षांनी मोठे. लग्नानंतर सिनेमा सुटेल, आपण घर सांभाळू, अशी पंधरा वर्षांच्या नवऱ्या मुलीची समजूत होती. तसे काही झाले नाही. आईच्या घराला मुलीची कमाई हवी होती, आता नवऱ्याच्या घरालाही तीच हवी झाली. करार कोणाशी करायचा, किती रकमेचा, कोणत्या गावी राहायचे, हे बंदरकर ठरवू लागले. मालक कधी नवरा होई आणि नवरा कधी मालक, याचा हिशेब लावण्याचे त्या मुलीचे वय नव्हते. या विवाहाची पुढची सारी गुंतागुंत येथे सुरू झाली असे म्हणावे लागते.

मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये हिमांशू राय आणि देविकाराणी यांची शिस्त कडक होती. जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्या ‘नवजीवन’मध्ये (१९३९) हंसाबाई नायिका झाल्या. ‘दुर्गा’ आणि ‘आझाद’ हे त्याच संस्थेचे चित्रपट. हिंदी चित्रपटसृष्टीत पाय रोवण्याची ही संधी होती. पण त्यांना अढळ स्थान मिळाले ते पुण्याला, प्रभातमध्ये. १९४१ सालच्या ‘संत सखू’त त्यांनी सासुरवास सोसणारी, विठ्ठलाच्या ओढीने व्याकुळ झालेली कऱ्हाडची सखू उभी केली. ‘तुकाराम’ आणि ‘ज्ञानेश्वर’ या प्रभातच्या संतपटांशी तुलना केली तर ‘सखू’ उणा ठरतो, असे अनेक जाणकार मानतात. त्यात तथ्य आहे. मात्र खांबाला बांधलेल्या सुनेची वेदना हंसाबाईंच्या चेहऱ्यावर ज्या साधेपणाने उमटते, तिला अभिनयाच्या शिक्षणाची गरज पडली नसावी. सखूच्या जागी घरकाम करायला पांडुरंग आला. हंसाबाईंच्या जागी उभे राहायला कोणी आले नाही.

या धामधुमीत त्यांना दिवस गेले, एकदा नव्हे, अनेकदा. चित्रीकरण, दौरे, दगदग आणि नवऱ्याचा संशय यांत काही गर्भ टिकले नाहीत. काही टिकू दिले गेले नाहीत. ज्या स्त्रीला मुलांनी भरलेले घर हवे होते, तिच्या मातृत्वाचे निर्णय कराराच्या तारखा आणि नवऱ्याची मर्जी पाहून होत राहिले. एक मुलगी जगली. ती वाढली ती मुख्यतः आजीच्या आणि वडिलांच्या घरात. आई पहाटे स्टुडिओत जाणार, रात्री थकून परतणार, घरी आल्यावर भांडणे होणार. त्या भांडणांना पुढे दारूची जोड मिळाली. व्यसन वडिलांच्या घरातून आले की सिनेमाच्या वर्तुळातून, हा प्रश्न गौण आहे. हंसाबाईंनी स्वतः त्याची सबब कधी शोधली नाही.

कीर्तीची कमान मात्र चढतीच होती. १९४७ सालचा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा राजकमल कलामंदिरचा चित्रपट. बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, गदिमांचे लेखन, वसंत देसाई यांचे संगीत, रामजोशींच्या भूमिकेत जयराम शिलेदार आणि बयेच्या भूमिकेत हंसा वाडकर. मराठीत तमाशापटांची जी लाट पुढे दोन-तीन दशके उसळत राहिली तिचा उगम या चित्रपटात आहे. ढोलकीच्या तालावर उभ्या राहिलेल्या बयेच्या नजरेतला मिस्कीलपणा आणि त्याच नजरेतला अभिमान महाराष्ट्राला नवा होता. १९४९ साली त्या ‘संत जनाबाई’ झाल्या आणि १९५० साली राजा परांजपे यांच्या ‘पुढचं पाऊल’मध्ये पु. ल. देशपांडे यांच्यासमवेत दिसल्या. संत आणि तमासगिरीण ही दोन टोके एकाच अभिनेत्रीला पेलावीत, याचे तेव्हा कौतुक झाले. त्या काळच्या चित्रपटाला स्त्रीसाठी या दोन टोकांच्या मधली जागा फारशी सुचत नव्हती, ही गोष्ट त्या कौतुकात झाकली गेली.

नावलौकिक असा असताना एका रात्री घरातल्या भांडणानंतर त्या बाहेर पडल्या आणि थेट मराठवाड्यातल्या एका आडगावी जाऊन पोहोचल्या. ज्या गृहस्थाबरोबर त्या गेल्या त्याच्या घरी आधीच बायका होत्या. मुंबई-पुण्याच्या भिंतींवर जिची छबी झळकत होती ती अभिनेत्री तेथे सुमारे तीन वर्षे डोक्यावर पदर घेऊन, माजघरात, बाहेरच्या जगाशी संबंध तोडून राहिली. गंमत अशी, की इतकी वर्षे मागितलेले घरपण येथे मिळाले होते. स्वयंपाक होता, सणवार होते, दुसऱ्या बायकांची मुले अंगाखांद्यावर होती. नव्हती ती उंबरा ओलांडण्याची मुभा. आणि नव्हती स्वतःची मुलगी.

कंटाळून त्यांनी नवऱ्यालाच निरोप धाडला. ज्याच्यापासून पळाल्या त्यालाच सोडवायला बोलवावे लागणे, यासारखा दैवदुर्विलास शोधून सापडणार नाही. बंदरकर आले, कायद्याची मदत घेऊन सुटका झाली. या सुटकेच्या वाटेवर, ज्याच्यापुढे जबाब द्यायचा त्या दंडाधिकाऱ्यानेच आपल्यावर बलात्कार केला, असे हंसाबाईंनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. ही हकिगत त्यांनी आक्रोश न करता, जवळजवळ कोरडेपणाने सांगितली आहे. वाचणाऱ्याला तो कोरडेपणा सोसत नाही.

परतल्यावर घर पूर्वीचे राहिले नव्हते. तीन वर्षांत मुलीला आईवाचून राहण्याची सवय झाली होती. मुलीशी पुन्हा सूर जुळवण्याचे प्रयत्न झाले, पण हरवलेली वर्षे अशी भरून निघत नसतात. चित्रपटांची संख्या घटली, नायिकेच्या जागी नवे चेहरे आले. रंगभूमीवर कामे मिळत. प्रकृती साथ देईनाशी झाली. अशा उतरत्या काळात ‘सांगत्ये ऐका’ची चिमा वाट्याला आली. जयश्री गडकर पुढे नाचत असताना मागे उभी असलेली, वयाने आणि अनुभवाने जड झालेली चिमा पाहताना, एका पिढीची गादी दुसरीकडे जात असल्याची जाणीव आज तो चित्रपट पुन्हा पाहणाऱ्यांना झाल्याशिवाय राहत नाही.

हंसाबाईंचे नाव केवळ चित्रपटांवर तगून राहिले असते की नाही, याविषयी शंका घेता येते. त्यांच्या काळच्या कित्येक नायिका आज विस्मरणात गेल्या आहेत. हंसाबाई उरल्या त्या एका लहानशा पुस्तकामुळे. श्री. ग. माजगावकर यांच्या ‘माणूस’मध्ये त्यांची आत्मकथा प्रथम आली आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने तिचे पुस्तक केले. नाव तेच, ‘सांगत्ये ऐका’. शब्दांकन होते अरुण साधू यांचे. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहून राजकीय कादंबरीला नवे वळण देणारे साधू मूळचे विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचे. तेव्हा ते तरुण पत्रकार होते. हंसाबाई बोलत गेल्या आणि साधूंनी त्यांची बोलण्याची ढब राखत ते कागदावर उतरवले. आपला लेखकी हात मध्ये न आणण्याचा संयम त्यांनी दाखवला, हे या पुस्तकाचे भाग्य.

मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांची परंपरा जुनी आणि संपन्न आहे. रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक यांनी संसार सांगितला तो मोठ्या नवऱ्यांच्या सावलीत राहून, कधी भक्तीने, कधी विनोदाने. चित्रपटातल्या स्त्रियांत शांता आपटे यांनी १९४० सालीच सिनेमाच्या धंद्यावर परखड पुस्तक लिहिले होते. पण आपली दारू, आपले परपुरुष, आपले गर्भपात आणि मुलीच्या बाबतीत आपले झालेले चुकणे, हे सगळे एका दमात, कोणाची क्षमा न मागता सांगणारे पुस्तक मराठीत त्याआधी नव्हते. मध्यमवर्गीय वाचक दचकला आणि त्याने ते वाचलेही. पुस्तक निघाल्यानंतर वर्षभरातच, १९७१ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हंसाबाईंचे निधन झाले.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९७७ साली, श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ आला. गिरीश कर्नाड, सत्यदेव दुबे आणि स्वतः बेनेगल यांनी पटकथा रचली, गोविंद निहलानी यांनी ती टिपली. हंसाची उषा झाली, पडद्यावरची ऊर्वशी झाली. बंदरकरांच्या जागी अमोल पालेकर यांचा केशव दळवी आला, मराठवाड्यातल्या त्या घराचा अमरीश पुरी यांच्या विनायक काळे यांच्या रूपाने वाडा झाला. लोभस चेहऱ्याच्या पालेकरांना हिशेबी, संशयी नवऱ्याच्या भूमिकेत घेणे ही बेनेगल यांची चतुर निवड होती. केशव राक्षस नाही, आणि म्हणूनच तो अंगावर येतो. आणि उषा झाली बावीस वर्षांची स्मिता पाटील. किशोरवयापासून थकल्या प्रौढपणापर्यंतचा पल्ला तिने ज्या ताकदीने गाठला, त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथेलाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

चरित्रपट म्हणून ‘भूमिका’ काटेकोर नाही. दंडाधिकाऱ्याचा प्रसंग त्यात वगळला आहे, पुरुषांची संख्या आणि क्रम सोयीने बदलला आहे. तरीही मातृत्वाचा धागा बेनेगल यांनी सोडला नाही, किंबहुना तो अधिक घट्ट केला. केशवच्या संशयापायी उषाला गर्भपात करावा लागतो. वाड्यात काळे यांची पहिली पत्नी अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिच्या लहान मुलाला उषा जीव लावते. त्या पोराला जत्रेला न्यावे, एवढीच तिची इच्छा असते. दारातच तिला अडवले जाते आणि हे घर नसून कोठडी आहे, हे तिला त्या क्षणी कळते. आपली मुलगी मुंबईत आईवाचून वाढत असताना परक्या मुलाला जत्रा दाखवू पाहणारी ही बाई, ही ‘भूमिका’तली सर्वांत बोचरी प्रतिमा आहे. निघताना काळेंची रुग्ण पत्नी उषाला जे बजावते त्याचा आशय असा, की स्वयंपाकघरे बदलतात, बिछाने बदलतात, पुरुष मात्र तोच राहतो.

चार वर्षांनी हॉलिवूडमध्ये अशाच विषयावर एक चित्रपट निघाला, त्याची आठवण येथे अपरिहार्य आहे. जोन क्रॉफर्ड ही एकेकाळची सम्राज्ञी १९७७ साली वारली. तिने दत्तक घेतलेली मुले चार, पैकी दोघांना मृत्युपत्रात काही ठेवले नाही. त्यांतली एक, थोरली मुलगी ख्रिस्टीना, हिने १९७८ साली ‘मॉमी डिअरेस्ट’ हे पुस्तक लिहून आईच्या क्रौर्याचा पंचनामा केला आणि १९८१ साली त्यावर फ्रँक पेरी यांनी फे डनवे हिला घेऊन चित्रपट काढला. डनवेने इतका अतिरेकी अभिनय केला, की मार खाणाऱ्या मुलीच्या प्रसंगांना प्रेक्षक हसू लागले. तारेच्या हँगरवरून आई किंचाळते तो प्रसंग तर नकलांचा विषय झाला. निर्मात्या पॅरामाउंटने वारे ओळखून त्या हास्याचीच जाहिरात केली. वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटाचा थट्टेचा गोल्डन रॅस्पबेरी पुरस्कारही त्याला मिळाला. पुढे त्या भडकपणाचे भक्त निर्माण झाले, आणि खेळाला लोक संवाद पाठ करून जाऊ लागले.

तेथे मुलगी बोलली तेव्हा उत्तर द्यायला आई उरली नव्हती. येथे आई बोलली आणि मुलगी गप्प राहिली. हंसाबाईंच्या पुस्तकातली मुलगी आईच्या डोळ्यांनीच दिसते. तिच्या मनात त्या तीन वर्षांचे काय उरले, हे कोणत्याही पानावर नाही. आत्मकथा कितीही प्रांजळ असली तरी ती एका बाजूची असते, आणि हंसाबाईंचे चाहते हे सोयीस्करपणे विसरतात. शोषणाची बळी म्हणून त्यांच्याकडे पाहणे योग्यच आहे. पण घर सोडून गेलेल्या आईची वाट पाहणारे एक मूलही त्या कथेत होते. ‘मॉमी डिअरेस्ट’च्या भडक रंगांत निदान त्या मुलाला आवाज मिळाला, हे त्या फसलेल्या चित्रपटाच्या बाजूने सांगायलाच हवे.

बेनेगल यांना ही उणीव जाणवली असावी, कारण शेवटाकडे त्यांनी मुलीला पुढे आणले आहे. उषाची मुलगी आता मोठी झाली आहे, तिचे लग्न झाले आहे, तिला दिवस गेले आहेत. आईला ती आपल्या घरी राहायला बोलावते. तक्रार नाही, हिशेब नाही, साधे आमंत्रण आहे. जन्मभर ज्याचा ध्यास घेतला ते घर, नातवंडासकट, समोर चालून आले असताना उषा नकार देते. तो नकार मुलीला आपल्या सावलीपासून वाचवण्यासाठी आहे, की आता कोणाच्याही घरात आश्रित म्हणून राहायचे नाही या निश्चयातून आला आहे, हे चित्रपट सांगत नाही. स्मिता पाटीलच्या चेहऱ्यावर दोन्ही आहे.

पुढे नऊ वर्षांनी, १३ डिसेंबर १९८६ रोजी, स्मिता पाटील गेली. मुलगा होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. वय एकतीस.

हंसाबाईंचे पुस्तक २०१३ साली जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांच्या अनुवादामुळे इंग्रजीत गेले, आणि स्त्री-अभ्यासाच्या वर्गांतून त्याची चर्चा होऊ लागली. मराठीत अलीकडे कलावंतांवर बरेच चरित्रपट निघाले. ‘बालगंधर्व’ (२०११) आणि भगवानदादांवरचा ‘एक अलबेला’ (२०१६) हे त्यांतले ठळक. दोन्ही नीटनेटके, दोन्ही नायकाला हात जोडून उभे. हंसाबाईंवर मराठीत असा चित्रपट झालेला नाही. हात जोडून त्यांची कथा सांगता येण्याजोगी नाही, हे एक कारण असू शकेल.

‘भूमिका’च्या शेवटच्या दृश्यात उषा हॉटेलच्या खोलीत एकटी आहे. फोन वाजतो. पलीकडे राजन आहे, वर्षानुवर्षे तिच्यावर जीव लावून बसलेला सहकलाकार.